मठाचे कारभारी दों पेरिन्यों

१६३८ साली फ्रान्समध्ये दोन बालके जन्मास आली. एक राजवाड्यात जन्मले. पुढे चौदावा लुई या नावाने ते युरोपभर गाजले. दुसरे शँपेन प्रांतातील सँत-मनू नावाच्या लहानशा गावी, न्यायकचेरीतील एका लेखनिकाच्या घरी, वर्षाच्या अगदी अखेरीस जन्मले असे मानतात. ५ जानेवारी १६३९ रोजी त्याचा बाप्तिस्मा होऊन पियेर असे नाव ठेवण्यात आले. या दोघांनीही १७१५ सालच्या सप्टेंबर महिन्यातच देह ठेवला. राजाचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत राहिले. लेखनिकाच्या मुलाचे नाव मात्र आजही जगभरच्या महागड्या बाटल्यांवर छापले जाते; आणि नवल असे की, ज्या शोधासाठी हे नाव गाजते, तो शोध त्यांनी लावलाच नव्हता. त्यांनी खरोखर जे केले ते अधिक कष्टाचे होते, आणि माझ्या मते अधिक मोलाचेही.

पियेर पेरिन्यों हे सात भावंडांत धाकटे. त्यांच्या जन्मानंतर काही महिन्यांतच आईचे छत्र हरपले. घरचे थोडे द्राक्षमळे होते. तेव्हा वेलीची छाटणी, घडांची तोडणी, रसाचा घमघमाट या गोष्टी मुलाच्या अंगवळणी पडल्या असाव्यात. जवळच म्वारमों येथे बेनेडिक्ट संघाचा मठ होता. तेथील गायकवृंदाच्या शाळेत त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले, आणि तेराव्या वर्षी ते शालों शहरातील येशूसंघीयांच्या विद्यालयात दाखल झाले. ते दिवस मोठे धामधुमीचे होते. सरदारांनी राजसत्तेविरुद्ध बंड पुकारले होते, आणि १६५२ व १६५३ अशी लागोपाठ दोन वर्षे सँत-मनूला वेढा पडला. सतरा-अठरा वर्षांचा हा मुलगा वर्दां येथील सँ-व्हान मठाच्या दारी गेला व त्याने संन्यस्त जीवन पत्करले, तेव्हा त्याच्या मनात काय होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. मात्र त्याने निवडलेला मठ सुखासीन नव्हता. सँ-व्हान हे बेनेडिक्ट संघातील सुधारणेचे केंद्र होते. प्रार्थना, ग्रंथवाचन आणि अंगमेहनत या तिन्हींची तेथे काटेकोर शिस्त असे.

१६६८ मध्ये वरिष्ठांनी त्यांना ओव्हिले येथील मठात पाठविले. एपेर्ने शहराच्या उत्तरेस, मार्न नदीच्या खोऱ्यावर नजर ठेवून असलेल्या टेकडीवर हा मठ उभा होता. रँसचे बिशप संत निव्हार यांनी सातव्या शतकात त्याची स्थापना केली होती. नवव्या शतकात याच मठात शुभवर्तमानांची एक सुप्रसिद्ध सचित्र हस्तलिखित प्रत तयार झाली, ती आज एपेर्नेच्या ग्रंथालयात आहे. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या संन्याशाकडे मठाच्या कारभाऱ्याचे काम सोपविण्यात आले, आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे तब्बल ४७ वर्षे, ते त्यांच्याकडेच राहिले. ‘दों’ हे त्यांचे नाव नव्हे. बेनेडिक्ट संघातील व्रतस्थ धर्मगुरूंना लावली जाणारी ती आदरार्थी उपाधी आहे.

कारभारी म्हणजे नुसता तळघराच्या किल्ल्या सांभाळणारा नव्हे. धान्य, शेती, इमारती, नोकरचाकर, येणी-देणी, पाहुण्यांचे आदरातिथ्य आणि दाराशी आलेल्या गरिबांची सोय हे सारे त्याच्या शिरी असे. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीचे एक संपूर्ण प्रकरण या पदासाठी राखून ठेवले आहे. कारभारी शांत, मिताहारी व विनयशील असावा, आणि मठातील साधी अवजारेसुद्धा त्याने वेदीवरील पवित्र पात्रांइतक्या काळजीने हाताळावीत, अशी त्यात अपेक्षा आहे.

त्याच नियमावलीत द्राक्षारसाविषयीही एक प्रकरण आहे. संन्याशांनी द्राक्षारस मुळीच घेऊ नये हे उत्तम. परंतु तेवढा संयम सर्वांना साधत नाही, म्हणून दिवसाकाठी एक ठरावीक माप पुरे, अशी तडजोड संत बेनेडिक्ट यांनी काहीशा नाइलाजानेच केलेली दिसते. मिशनरींच्या काळापासून आपल्या मराठी मंडळ्यांतून मद्यपानाविरुद्ध जो आग्रह धरला गेला त्याला सबळ कारण होते, कारण दारूने उद्ध्वस्त झालेली घरे या प्रदेशाने पुष्कळ पाहिली आहेत. तेव्हा एका द्राक्षारस करणाऱ्या संन्याशाचे चरित्र वाचताना काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटली तर ते स्वाभाविक आहे. पण ओव्हिलेच्या मठात द्राक्षारस ही चैनीची वस्तू नव्हती. मिस्साबलीसाठी तो लागे हे खरेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मठाचा निर्वाह त्याच्या विक्रीवर चालत असे. द्राक्षे हेच त्या भागातील नगदी पीक होते. हंगाम फसला की छपराची डागडुजीही अडे आणि गरिबांची भाकरीही.

आणि हंगाम वारंवार फसत असे. शँपेन हा द्राक्षलागवडीच्या अगदी उत्तरेकडील सीमेवरचा प्रदेश. तेथे द्राक्ष जेमतेम पिकते. वसंतात नव्या फुटव्यावर हिमकडा पडला तर निम्मे पीक तेथेच जाते. जूनमध्ये फुलोऱ्याच्या वेळी गारठा राहिला तर मणी धरत नाहीत. उन्हाळ्यात गारपीट, तोडणीच्या तोंडावर पाऊस आणि त्यामागून घडांवर चढणारी बुरशी. फुलोऱ्यात ढग आले की रात्ररात्र झोप न लागणे म्हणजे काय, हे नाशिक-सांगलीकडील बागाईतदारांना वेगळे सांगावयास नको. त्यातून सतराव्या शतकाचा उत्तरार्ध युरोपात विशेष थंडीचा होता. एखाद्या वर्षी ऊन चांगले पडून रस गोड व भरदार उतरे. पुढच्याच वर्षी तो इतका आंबट व पातळ निघे की, हा त्याच मळ्याचा रस आहे यावर विश्वास बसू नये.

वर्षावर्षांतील ही तफावत एकीकडे, आणि मळ्यामळ्यांतील तफावत दुसरीकडे. मार्नच्या खोऱ्यातील मळे म्हणजे सलग विस्तार नव्हता. लहान लहान तुकडे होते, एका कुटुंबाचे येथे चार ओळी, तेथे सहा. उताराची दिशा बदलली, मातीचा थर पातळ झाला, खालचा खडू वर आला की फळाची चव पालटे. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरील घड आठवडाभर आधी पिकत, ओढ्याकाठच्या सखल जागी हिमकडा साचून राही. ओव्हिलेचे स्वतःचे मळे तर होतेच, शिवाय आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांकडून मठाला दशमांश मिळे. त्यामुळे दर हंगामात नाना जागांचा, नाना गुणांचा माल मठाच्या अंगणात येऊन पडे. जो माल येईल तो एकत्र पिळावा, पिंपात भरावा आणि विकून मोकळे व्हावे, असा सर्वसाधारण रिवाज. चांगले आणि वाईट त्यात एकमेकांना ओढत, आणि बहुधा वाईटाचीच सरशी होई.

पेरिन्यों यांचे वेगळेपण येथे दिसते. त्यांचे सहकारी व शिष्य ब्रदर पियेर यांनी पुढे शँपेनमधील द्राक्षलागवडीवर एक ग्रंथ लिहिला, आणि गुरूंची रीत त्यात नोंदवून ठेवली. त्यावरून असे दिसते की, पेरिन्यों द्राक्षे चाखण्यासाठी मळ्यात जात नसत. निरनिराळ्या मळ्यांतील घड ते मठात मागवून घेत, रात्रभर खिडकीशी ठेवीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अनशेपोटी एकेक चाखून पाहत. या साध्या रीतीमागे फार बारीक विचार आहे. उन्हात तापलेले द्राक्ष असते त्याहून गोड लागते; थंड झालेल्या मण्यात आंबटपणा, तुरटपणा, सालीचा कडवटपणा उघड होतो. न्याहारी झालेली जीभ फसते, उपाशी जीभ सहसा फसत नाही. आणि मळ्यात उभे राहून चाखले की मालकाचा चेहरा, जागेचा लौकिक, स्वतःचा जुना ग्रह हे सारे चवीत मिसळते. खिडकीतल्या घडाला असली ओळख नसते. पुढे त्यांच्याविषयी अशीही कथा पसरली की ते आंधळे होते, आणि केवळ चवीवरून मळा ओळखीत. चाळीस-पंचेचाळीस वर्षे एवढ्या जमाखर्चाचा कारभार पाहणारा माणूस आंधळा असणे कठीणच. पण नाव न पाहता चाखण्याच्या त्या सवयीतूनच ही कथा निघाली असावी.

चाखून झाल्यावर ते ठरवीत, कोणत्या मळ्याचा माल कोणत्या मळ्याच्या मालाबरोबर पिळायचा. एकाचा गोडवा, दुसऱ्याची तरतरी, तिसऱ्याचा सुगंध. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांनी एखादे प्रमाण एकदा ठरवून वहीत लिहून ठेवले आणि दरसाल तेच गिरवले, असे केले नाही. ते साल कसे गेले होते, हंगाम लवकर आला की उशिरा, थंडी अधिक होती की पाऊस, वेलींवर पाने दाट होती की विरळ, हे सारे हिशेबात घेऊन ते प्रमाण बदलीत. कोरड्या, उन्हाच्या वर्षी ज्या मळ्याचा माल बोजड वाटे, तोच ओल्या वर्षी आधाराला येई. गतसाली उपयोगी पडलेले यंदा पडेलच असे नाही, म्हणून दर शरदात पुन्हा नव्याने खिडकीशी घड मांडायचे.

फ्रान्समध्येच याच्या अगदी उलट परंपराही होती. शेजारच्या बर्गंडी प्रांतात सितो मठाच्या संन्याशांनी मध्ययुगापासून प्रत्येक तुकड्याचा द्राक्षारस निराळा ठेवण्यावर भर दिला होता. त्या तुकड्याचे आणि त्या सालाचे जे काही गुणदोष असतील ते तसेच पेल्यात उतरू द्यावेत, ही त्यांची दृष्टी. जाणकारांत या दोन पंथांचा वाद अजून मिटलेला नाही. मला वाटते, दोन्ही बाजूंचे म्हणणे त्या त्या भूमीला धरून आहे. बर्गंडीत एकटा मळा बहुधा स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो. शँपेनच्या थंडीत तो पुष्कळदा लंगडतो, आणि त्याला शेजाऱ्याचा खांदा लागतो.

बाकीच्या त्यांच्या पद्धतींतही हीच काळजी दिसते. वेल आखूड छाटावी, म्हणजे घड कमी लागतील पण कस उतरेल. तोडणी पहाटे, गारव्यात, शक्यतो दव असतानाच करावी. फुटलेला, चेंगरलेला, डागाळलेला मणी काढून टाकावा. माल दाबयंत्रापर्यंत नेण्याचे अंतर कमीत कमी असावे. न्यावाच लागला तर घोड्यांऐवजी खेचरे किंवा गाढवे वापरावीत, कारण ती शांतपणे चालतात आणि घड हिंदकळत नाहीत. पवित्र शास्त्रातील द्राक्षकुंड म्हटले की पायांनी द्राक्षे तुडविणारे लोक आपल्या डोळ्यांपुढे येतात. पेरिन्यों यांना ते तुडविणे मान्य नव्हते. काळ्या द्राक्षाचा रंग सालीत असतो, आतला रस जवळजवळ वर्णहीन असतो. घड न तुडविता हलक्या हाताने व झटपट दाबले, तर काळ्या द्राक्षापासूनही स्वच्छ, फिकट द्राक्षारस होतो. पहिल्या दाबाचा रस सर्वांत नाजूक, नंतरच्या दाबांचा क्रमाक्रमाने राकट व रंगीत. म्हणून प्रत्येक दाबाचा रस वेगळा ठेवावयाचा. ओव्हिलेमध्ये पिनो न्वार या काळ्या जातीवर त्यांचा भर होता. पांढऱ्या द्राक्षांचा द्राक्षारस वसंतात पुन्हा आंबून फसफसण्याचा संभव अधिक, हे त्याचे एक कारण.

येथे दंतकथा आणि सत्य यांची फारकत होते. शँपेनचा द्राक्षारस शरदात आंबू लागे. पण हिवाळ्याची थंडी लवकर येऊन किण्वाचे कार्य अर्धवटच थांबे. वसंतात ऊब येताच ते पुन्हा जागे होई आणि वायू सुटू लागे. पिंपात तो निघून जाई. बाटलीत असेल तर कोंडला जाऊन बुडबुडे होत, नाहीतर बाटलीच फुटे. त्या काळी फ्रान्समधील काच लाकडाच्या भट्टीत होत असल्याने कच्ची असे. एक बाटली फुटली की तिच्या धक्क्याने शेजारच्या फुटत, आणि बघता बघता माल मातीमोल होई. पेरिन्यों यांच्या दृष्टीने बुडबुडा हा दोष होता, आणि तो टाळण्यासाठीच त्यांचे बरेचसे प्रयत्न होते. फसफसणाऱ्या द्राक्षारसाची आवड प्रथम वाढली ती इंग्लंडात. तेथे कोळशाच्या भट्टीतील भक्कम काच होती. द्राक्षारसात साखर घालून तो फेसाळ करण्याच्या पद्धतीविषयी ख्रिस्तोफर मेरेट या इंग्रज विद्वानाने १६६२ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला होता. त्या वेळी पेरिन्यों ओव्हिलेला आलेही नव्हते.

त्यांचा शांत, न फेसाळणारा द्राक्षारस मात्र नावारूपास आला. मठाच्या मळ्यांचे क्षेत्र त्यांच्या कारकिर्दीत दुपटीने वाढले, आणि शतकाच्या अखेरीस ओव्हिलेच्या पिंपांना इतरांपेक्षा बराच चढा भाव मिळू लागला. राजदरबारातही या प्रांताच्या द्राक्षारसाला मान होता. पुढे राजवैद्य फागों यांनी राजाच्या प्रकृतीसाठी शँपेनऐवजी बर्गंडीचा द्राक्षारस सुचविला, आणि त्यावरून दोन्ही प्रांतांच्या वैद्यांत पुस्तिका छापून भांडणे जुंपली. ओव्हिलेच्या कारभाऱ्यांनी त्या वादात भाग घेतल्याचे कोठे दिसत नाही.

१७०९ चा जानेवारी फ्रान्स कधी विसरला नाही. नद्या गोठल्या, पिंपांतील द्राक्षारस गोठला, असंख्य वेली मुळापासून मेल्या आणि त्यामागून दुष्काळ आला. पेरिन्यों तेव्हा सत्तर वर्षांचे होते. त्याच वर्षी विद्वान संन्यासी दों तिएरी रुइनार यांचे ओव्हिलेच्या मठातच निधन झाले. त्यांच्या पुतण्याने १७२९ मध्ये स्थापन केलेली शँपेनची पेढी आजही चालू आहे. अशा वर्षी मठाचे कोठार सांभाळणाऱ्यावर काय प्रसंग ओढवला असेल, याची कल्पनाच करावी. १७१५ च्या सप्टेंबरात पेरिन्यों यांनी इहलोकीची यात्रा संपविली. मठाच्या मंदिरात, जेथे परंपरेने मठाधिपतींना मूठमाती दिली जाई, त्या भागात या कारभाऱ्याला जागा देण्यात आली. त्यांच्या थडग्यावरील काळ्या शिळेवर लॅटिनमध्ये कोरलेला मजकूर अजून वाचता येतो. ४७ वर्षे त्यांनी मठाचा कारभार प्रशंसनीय रीतीने केला, ते सद्गुणसंपन्न होते, आणि विशेषतः गरिबांवर त्यांचे पित्यासारखे प्रेम होते, असा त्याचा आशय आहे. ज्यांनी त्यांना रोज पाहिले होते त्यांनी शिळेवर हे कोरले. द्राक्षारसाच्या चवीविषयी किंवा बुडबुड्यांविषयी त्यात अवाक्षर नाही.

मग शोधाची कथा आली कोठून? १७९० मध्ये क्रांतिकारी सरकारने संन्यासी संघ बरखास्त केले. ओव्हिलेचा मठ रिकामा झाला, मळे गेले, इमारतींचा बराच भाग पाडला गेला. मठाच्या शेवटच्या रहिवाशांपैकी दों ग्रोसार नावाचे एक संन्यासी होते. १८२१ मध्ये, वृद्धापकाळी, त्यांनी आई या गावच्या एका अधिकाऱ्याला पत्र लिहिले, आणि फेसाळ शुभ्र शँपेनचे रहस्य पेरिन्यों यांनीच शोधून काढले असे त्यात सांगितले. तेलात भिजवलेल्या तागाच्या बोळ्याऐवजी बाटलीला बूच लावण्याची युक्तीही त्यांनी त्यांच्याच पदरात घातली. या वृद्धाला खोटे बोलायचे होते असे मला वाटत नाही. ज्या घरात आयुष्य गेले ते डोळ्यांदेखत नाहीसे झालेले. त्याची थोडी कीर्ती जगात राहावी ही इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु व्यापाऱ्यांना ही कथा फारच सोयीची ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला जाहिरातींची जोड मिळाली. पहिला फेसाळ घोट घेताच पेरिन्यों यांनी ताऱ्यांची उपमा देणारे उद्गार काढले असे जे आजही सर्वत्र सांगितले जाते, ते त्या काळच्या जाहिरातीतले आहे.

एपेर्ने येथे मोएत पेढीच्या दारात पेरिन्यों यांचा पुतळा उभा आहे. त्या पेढीने १९२१ सालच्या हंगामाचा द्राक्षारस १९३६ मध्ये त्यांच्या नावाने बाजारात आणला. २०१५ मध्ये युनेस्कोने शँपेनचे उतार व तळघरे यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला, त्यात ओव्हिलेचे मळेही आहेत. त्या प्रदेशात आज सुमारे सोळा हजार लहानमोठे द्राक्षउत्पादक आहेत. त्यांतले काही जण आपल्या एकट्या तुकड्याचा, एकाच सालाचा द्राक्षारस वेगळा काढून पाहतात. तरी बहुसंख्य शँपेन अजूनही मळ्यांच्या, आणि आता तर सालांच्याही, मिश्रणातूनच बनते. पेरिन्यों यांचे नाव असलेली बाटली मात्र केवळ निवडक, चांगल्या सालीच तयार करतात. साल हलके गेले तर ती काढतच नाहीत. स्वतः पेरिन्यों यांना ही मुभा नव्हती. मठात माणसे जेवायची होती, दाराशी गरीब यायचे होते आणि गावोगावच्या दशमांशाच्या पाट्या अंगणात उतरत होत्या, मग ते साल १६६८ चे असो की १७०९ चे.